'यिड' : एका निंदाशब्दाचा पुनःस्वीकार

१

मराठीत ज्यू समाजासाठी दोन शब्द रूढ आहेत : 'यहुदी' आणि 'ज्यू'. पहिला अरबी-फारसीच्या मार्गाने आला, दुसरा इंग्रजीच्या. दोहोंचे मूळ मात्र एकच. हिब्रू 'यहूदी' म्हणजे यहूदाच्या वंशातला किंवा यहूदाच्या प्रदेशातला मनुष्य. हाच शब्द ग्रीक व लॅटिन भाषांतून युरोपात पसरला. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत 'ज्यू' झाला. मध्ययुगीन जर्मन बोलींतून पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिद्दिश भाषेत 'यीद' झाला. आणि यिद्दिश भाषकांबरोबर लंडनला पोचल्यावर इंग्रजीत त्याचे 'यिड' असे रूप रूढ झाले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'यहुदी', 'ज्यू' आणि 'यिड' ही तिन्ही भावंडेच होत. तथापि पहिले दोन शब्द मराठीत कोणीही निःसंकोचपणे लिहितो, तर तिसरा शब्द इंग्रजी वृत्तपत्रे पुष्कळदा पूर्ण छापीतही नाहीत. 'वाय-शब्द' असा आडवळणाने त्याचा निर्देश करतात.

एकाच मुळापासून निघालेल्या शब्दांची अशी भिन्न गती का व्हावी, याचे उत्तर व्युत्पत्तिशास्त्र देऊ शकत नाही. ते इतिहासातच शोधावे लागते. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. हे नाव परक्यांनी दिलेले होते, समाजाचे स्वतःचे नव्हते. 'बेने इस्राएल' हेच त्यांचे स्वतःचे नाव. परंतु कोकणात या लोकांचा धर्मासाठी छळ झाला नाही, आणि त्यामुळे 'शनिवार तेली' या नावात परकेपणा असला तरी विष साचले नाही. परक्याने दिलेले नाव निंदाव्यंजक होतेच असे नाही, आणि स्वतःचे नाव निंदाव्यंजक होणार नाही असेही नाही. 'यिड' हा शब्द या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो मुळात ज्यूंचा स्वतःचाच शब्द होता. परक्यांच्या तोंडी जाऊन तो शिवी झाला. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर लंडनमधील एका फुटबॉल-संघाच्या पाठीराख्यांनी ती शिवी बिरुद म्हणून मिरविली. हे पाठीराखे बहुसंख्येने ज्यू नव्हते, आणि या प्रकरणाचे वेगळेपण तेथेच आहे.

२

यिद्दिशमध्ये 'यीद' हा शब्द सर्वथा निर्दोष आहे. अनोळखी गृहस्थास आदराने हाक मारावयाची तर 'रेब यीद' असे म्हणत. 'यिद्दिश' हे भाषेचे नावही याच शब्दाचे विशेषण असून त्याचा अर्थ 'ज्यू लोकांची' एवढाच आहे. लिओ रॉस्टन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या यिद्दिश शब्दांवरील लोकप्रिय ग्रंथात या शब्दाच्या उच्चाराविषयी एक सूक्ष्म निरीक्षण नोंदविले आहे : दीर्घ स्वराने उच्चारला तर शब्द निर्दोष, ऱ्हस्व स्वराने उच्चारला तर अपमानकारक. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात कटाक्षाने पाळणाऱ्या मराठी वाचकास हा भेद सहज कळण्यासारखा आहे. 'यीद' म्हणणारा बहुधा घरचा. 'यिड' म्हणणारा बाहेरचा. एका स्वराच्या मात्रेवरून बोलणारा कोण आहे हे ऐकणाऱ्यास कळते, आणि तो कोण आहे यावरून त्याचा हेतू काय असावा याचा तर्क केला जातो.

इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्राम्य भाषेच्या कोशांतून दिसू लागतो. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील दंगलींना व दारिद्र्याला कंटाळून ज्यूंचे लोंढे पश्चिमेकडे निघाले. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमध्ये लाखाहून अधिक ज्यू स्थायिक झाले व त्यांतील फार मोठा भाग लंडनच्या पूर्व विभागात, म्हणजे ईस्ट एंडमध्ये, दाटीवाटीने राहू लागला. शिवणकाम, चपला-बूट, लाकूडकाम हे त्यांचे धंदे. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या ओरडीतून १९०५ चा परकीयांविषयीचा कायदा झाला. १९३० नंतरच्या दशकात सर ऑस्वल्ड मोझ्ली यांच्या फॅसिस्ट संघटनेने याच वस्तीला लक्ष्य केले. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी केबल स्ट्रीट येथे त्यांची मिरवणूक रहिवाशांनी अडविली, ही घटना प्रसिद्धच आहे. या काळात 'यिड' हा शब्द फॅसिस्टांच्या घोषणांत व भिंतींवरील लिखाणात सतत वापरला गेला. अर्थापकर्षाची प्रक्रिया येथे पूर्ण झाली. पुढे युरोपात साठ लाख ज्यूंची हत्या झाली, तेव्हा असल्या शब्दांवर केवळ अपमानाचा नव्हे, तर मृत्यूचा संस्कार झाला.

३

टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल-संघाची स्थापना १८८२ साली झाली. १८९९ पासून व्हाइट हार्ट लेन हे त्याचे क्रीडांगण झाले. स्थापनेशी ज्यूंचा काही संबंध नव्हता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मात्र स्थलांतरितांची दुसरी पिढी इंग्रज होऊ पाहत होती. फुटबॉलचा सामना हा त्या इंग्रजपणाचा स्वस्त व सुलभ दरवाजा होता. ईस्ट एंडमधून उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रामने टॉटनहॅम गाठता येई. शनिवार हा शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा, दिवस; आणि सामनेही शनिवारीच. सकाळी प्रार्थनामंदिरात व दुपारी क्रीडांगणावर, अशी तडजोड अनेक तरुण करीत. अँथनी क्लॅव्हेन यांच्या २०१२ सालच्या ग्रंथाचे शीर्षकच 'तू येथे आहेस हे तुझ्या रब्बीला ठाऊक आहे काय ?' अशा अर्थाचे आहे. घर व मैदान यांमधील ताण त्यातून नेमका व्यक्त होतो.

संघाच्या ज्यू पाठीराख्यांची संख्या लक्षणीय होती याचे प्रत्यंतर १९३५ साली आले. त्या वर्षी ४ डिसेंबरला इंग्लंड विरुद्ध जर्मनी हा सामना व्हाइट हार्ट लेनवरच ठरविण्यात आला. ज्यू संस्थांनी व कामगार संघटनांनी त्याचा निषेध केला; गृहमंत्र्यांनी सामना थांबविण्यास नकार दिला. जर्मनीहून हजारो प्रेक्षक आले, क्रीडांगणावर स्वस्तिकांकित ध्वज लावण्यात आला, आणि एका निदर्शकाने वर चढून तो उतरविला. सामना इंग्लंडने ३-० असा जिंकला. ज्या मैदानावर ज्यू प्रेक्षक आपले इंग्रजपण अनुभवण्यासाठी येत, त्याच मैदानावर हा ध्वज फडकला, ही वस्तुस्थिती पुढील शब्द-इतिहास समजून घेताना विसरता येत नाही.

तरीसुद्धा टॉटनहॅम हा 'ज्यूंचा संघ' होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याच भागातील प्रतिस्पर्धी आर्सेनल संघालाही ज्यू पाठीराखे भरपूर होते व आहेत. टॉटनहॅमच्या पाठीराख्यांत ज्यूंचे प्रमाण सदैव अल्पच राहिले. १९८२ नंतर संघाच्या अध्यक्षस्थानी क्रमाने अर्व्हिंग स्कॉलर, ॲलन शुगर व डॅनियल लेव्ही हे ज्यू उद्योजक आले खरे. परंतु तोवर संघाला ही ओळख चिकटलेली होती. ती चिकटविली प्रतिस्पर्ध्यांनी.

४

संघाला 'यिड' म्हणण्यास नेमका आरंभ कोणी केला हे एका तारखेवर ठेवण्याजोगे प्रकरण नाही. ज्या कारणांचा निर्देश केला जातो, त्यांत बी.बी.सी.वरील 'टिल डेथ अस डू पार्ट' ही विनोदी मालिका प्रमुख आहे. जॉनी स्पाइट यांनी लिहिलेल्या या मालिकेचे प्रयोग १९६६ ते १९७५ या काळात झाले. तिचा नायक अल्फ गार्नेट हा वेस्ट हॅम संघाचा भक्त व सर्व परक्यांचा द्वेष्टा. टॉटनहॅमचा उल्लेख तो याच शब्दाने करी. संकुचित वृत्तीचा उपहास हाच लेखकाचा हेतू होता. गार्नेटची भूमिका करणारे वॉरन मिचेल हे स्वतः ज्यू व टॉटनहॅमचेच पाठीराखे होते. परंतु उपहासासाठी उच्चारलेला शब्द प्रेक्षकांच्या तोंडी उपहासाविना राहिला. वक्त्याचा हेतू शब्दाबरोबर प्रवास करीत नाही, याचा हा पहिला धडा होय.

१९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील क्रीडांगणांचे वातावरण उग्र झाले. अतिउजव्या संघटना प्रेक्षकांच्या कट्ट्यांवर पत्रके वाटू लागल्या. टॉटनहॅमविरुद्धच्या आरोळ्या आता केवळ चिडविण्यापुरत्या उरल्या नाहीत. आउशविट्झचा उल्लेख करणारी गाणी म्हटली जाऊ लागली. हजारो कंठांतून एकाच वेळी फुत्कार सोडून विषारी वायू सुटल्याचा आवाज काढला जाऊ लागला. हा फुत्कार शब्दही नाही. कोशात त्याला स्थान नाही आणि त्याचे व्याकरण नाही. तथापि ज्याच्या कुटुंबातील माणसे त्या वायूने मारली गेली, त्याला त्याच्या अर्थाविषयी शंका राहत नाही.

या परिस्थितीत टॉटनहॅमचे पाठीराखे गप्प बसू शकत होते किंवा 'आम्ही ज्यू नाही' असे ओरडून सांगू शकत होते. दुसरा मार्ग खरा असूनही नीच ठरला असता. कारण त्यात आपल्यांतील अल्पसंख्य ज्यूंना एकाकी पाडणे होते. त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. शिवी त्यांनी स्वतःच उच्चारली, स्वतःला लावून घेतली : 'यिड आर्मी', म्हणजे यिडांची फौज. आवडत्या खेळाडूस 'यिडो' अशी हाक दिली जाऊ लागली. दावीदाची षट्‌कोनी तारका असलेले ध्वज दिसू लागले. सर्वांनीच ती ओळख घेतल्यावर त्या ओळखीवरून कोणाला वेगळे काढणे अशक्य झाले. त्या काळी कट्ट्यावर उभ्या असलेल्या अनेक ज्यू पाठीराख्यांनी पुढे सांगितले आहे की, आजूबाजूची हजारो माणसे आपले नाव आपखुशीने घेत आहेत हे पाहून त्यांना प्रथमच निर्भय वाटले. या साक्षीचे मोल कमी लेखता येणार नाही.

५

निंदाशब्द स्वीकारून त्याचे भूषण करण्याचा प्रकार इंग्रजीच्या इतिहासात नवा नाही. 'टोरी' हा मुळात आयरिश लुटारूंसाठीचा शब्द. 'व्हिग' हाही शिवीदाखल वापरलेला. दोन्ही पुढे प्रतिष्ठित राजकीय पक्षांची नावे झाली. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना १९०६ साली लंडनच्या 'डेली मेल' पत्राने कुत्सितपणे 'सफ्रजेट' म्हटले. स्त्रियांनी ते नाव उचलून आपल्या पत्रालाच दिले. या सर्व उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. ज्यांची निंदा झाली, त्यांनीच शब्द स्वीकारला. शब्दाचा भार वाहणारा व त्याचा अर्थ फिरविणारा हे एकच होते. म्हणून तेथे झालेल्या अर्थोत्कर्षाला कोणी हरकत घेऊ शकले नाही.

टॉटनहॅमच्या बाबतीत या दोघांत फारकत झाली आहे. ज्यांनी शब्द स्वीकारला त्यांतील बहुसंख्यांकडे परत घेण्यासारखे काही नव्हतेच. तो शब्द त्यांचा कधीच नव्हता. जॉन एफ्रन या इतिहासकाराने २००६ साली या विषयावरील निबंधात 'यिड हा ज्यू केव्हा नसतो ?' अशा अर्थाचा प्रश्न शीर्षकातच विचारला, तो यामुळेच. आता एकाच ध्वनिरूपाला तीन अर्थ चिकटले आहेत : यिद्दिशमधील निर्दोष 'ज्यू', द्वेष्ट्याच्या तोंडचा निंदाव्यंजक 'ज्यू', आणि 'टॉटनहॅमचा पाठीराखा किंवा खेळाडू'. तिसरा अर्थ कट्ट्यावर इतका दृढ झाला की तेथील तरुणांना दुसऱ्याचे स्मरण उरले नाही. परंतु तिसऱ्याने दुसऱ्याचा नाश केला नाही. प्रतिस्पर्धी पाठीराखे 'आम्ही संघाला उद्देशून म्हणतो, ज्यूंना नव्हे' अशी सबब सांगून दुसऱ्याच अर्थाने तो शब्द ओरडू लागले. ढाल म्हणून उचललेली वस्तू शत्रूलाही आडोसा देऊ लागली.

ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स संघाशी तुलना केली असता या प्रकरणाचा भाषिक अंश अधिक स्पष्ट होतो. त्या संघाचे जुने मैदान शहराच्या पूर्व भागात, ज्यू वस्तीच्या जवळ होते. युद्धापूर्वी ॲम्स्टरडॅममध्ये सुमारे ८०,००० ज्यू राहत. नेदरलँड्समधील एकंदर ज्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मारले गेले. आयाक्सचा पूर्वीचा खेळाडू एडी हॅमेल याचा १९४३ साली आउशविट्झ येथे अंत झाला. तेथेही प्रतिस्पर्ध्यांनी डिवचले व पाठीराख्यांनी स्वतःला ज्यू म्हणवून घेतले. परंतु त्यांनी उचललेला 'योडन' हा शब्द डच भाषेतील ज्यूंचा साधा, सर्वमान्य शब्द आहे. तो शिवी नाही. तेथील आक्षेप शब्दावर नसून त्याच्या स्थानी-अस्थानी उपयोगावर आहे. लंडनमध्ये शब्दच विवाद्य आहे. तरीही दोन्ही शहरांत परिणाम सारखाच दिसतो : मैदानावरील 'ज्यू' हा शब्द ज्या लोकांचा निर्देश करतो, ते लोक मैदानावर बहुधा नसतातच. ॲम्स्टरडॅमच्या बाबतीत ते का नसतात, हे निराळे सांगावयास नको.

६

या शब्दावर उघड वाद सुरू झाला तो एकविसाव्या शतकात. विनोदी लेखक डेव्हिड बॅडिएल व त्यांचे बंधू आयव्हर हे दोघेही ज्यू व चेल्सी संघाचे पाठीराखे. त्यांनी २०११ साली या शब्दाविरुद्ध एक लघुचित्रपट प्रसिद्ध केला. शब्द ज्यूंचा आहे, तो शिवी आहे, आणि तो स्वीकारावयाचा की टाकावयाचा हे ज्यूंनीच ठरवावे, असे त्यांचे प्रतिपादन. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये रोम येथे सामन्यासाठी गेलेल्या टॉटनहॅमच्या पाठीराख्यांवर एका मद्यगृहात हल्ला झाला व त्याला ज्यूद्वेषाचे स्वरूप असल्याचे सांगण्यात आले. त्याच महिन्यात लंडनमधील सामन्यात वेस्ट हॅमच्या काही प्रेक्षकांनी पुन्हा तो फुत्कार काढला. बिरुद धारण करणाऱ्याला तो ज्यू नसला तरी त्या बिरुदाची किंमत द्यावी लागते, हेही यातून दिसले.

सप्टेंबर २०१३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने या शब्दाचा वापर गुन्हा ठरू शकतो असा इशारा दिला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी मात्र स्वतःला उद्देशून वापरणे व दुसऱ्यास अपमानार्थ म्हणणे यांत भेद आहे असे मत व्यक्त केले. पुढील महिन्यांत टॉटनहॅमच्या तिघा पाठीराख्यांवर आरोप ठेवण्यात आले; मार्च २०१४ मध्ये, ज्या संदर्भात शब्द उच्चारला गेला तो पाहता अपराध सिद्ध होणार नाही, या कारणास्तव ते मागे घेण्यात आले. क्रीडांगणावरील वंशद्वेषी घोषणांना १९९१ च्या कायद्याने बंदी आहे; तथापि कायद्याला व्यक्तीचा हेतू व प्रसंग तपासता येतो, शब्दाचा शंभर वर्षांचा भूतकाळ नव्हे. या प्रश्नात न्यायालयाची मर्यादा येथे संपते.

कोशकारांची गत याहून वेगळी झाली नाही. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने २०२० साली 'यिडो' हा शब्द दाखल केला व 'यिड' या नोंदीत टॉटनहॅमचा पाठीराखा हा अर्थही समाविष्ट केला. त्यावर टीका झाली. वास्तविक कोशकार रूढीची नोंद करतो, तिला मान्यता देत नाही. परंतु ज्या समाजाला त्या शब्दाने जखम झाली आहे, त्याला नोंद व मान्यता यांतील भेद पटविणे सोपे नाही. जानेवारी २०१९ मध्ये जागतिक ज्यू काँग्रेस व ब्रिटिश ज्यूंचे प्रातिनिधिक मंडळ यांनी या वापराचा निषेध केलेलाच होता.

अखेर संघाने आपल्या पाठीराख्यांनाच विचारले. २०१९ मध्ये आलेल्या २३,००० हून अधिक उत्तरांपैकी ९४ टक्के उत्तरे देणाऱ्यांनी हा शब्द ज्यू व्यक्तीविरुद्ध वंशद्वेषी शब्द ठरू शकतो हे मान्य केले. ३३ टक्के लोक फुटबॉलच्या संदर्भात तो नित्य वापरीत होते. जवळजवळ निम्म्यांना तो कमी व्हावा किंवा बंद व्हावा असे वाटत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संघाने 'या शब्दापासून पुढे जाण्याची' विनंती केली. आज्ञा केली नाही. या आकड्यांचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. शब्दाचा दोष ठाऊक नसल्यामुळे तो वापरला जातो असे नव्हे. दोष ठाऊक असूनही अनेकांना तो सोडवत नाही. त्या शब्दात त्यांच्या वडिलांबरोबर पाहिलेले सामने, एका पिढीची एकजूट आणि द्वेषापुढे न नमल्याचा अभिमान साठला आहे.

७

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, निंदाशब्दाचा पुनःस्वीकार यशस्वी होण्यास मर्यादित व परस्परांना ओळखणारा भाषिक समुदाय लागतो. कोण बोलतो आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक असेल तरच शब्द उलट अर्थाने पोचतो. साठ हजार प्रेक्षकांचे मैदान असा समुदाय नव्हे. तेथील आरोळी कुंपणाबाहेर जाते व आजोबांचे गाव नकाशावरून पुसले गेलेल्या माणसाच्या कानीही पडते. त्याला आरोळी देणाऱ्याचा हेतू दिसत नाही. त्याला शब्द तेवढा ऐकू येतो.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. टॉटनहॅमच्या पाठीराख्यांनी जे केले त्याला 'पुनःस्वीकार' हे नाव काटेकोरपणे लागू पडत नाही. पुनःस्वीकार मालकाने करावयाचा असतो. त्यांनी शब्द उसना घेतला. तोही लाभासाठी नव्हे, तर शेजाऱ्यावर पडणारा दगड आपल्या अंगावर घेण्यासाठी. या कृतीतील सद्‌भाव निर्विवाद आहे. त्यांना द्वेष्ट्यांच्या पंक्तीस बसविणे हा अन्याय होईल, कारण फुत्कार त्यांनी काढला नाही, तो त्यांच्यावर काढला गेला. परंतु उसनी वस्तू कितीही चांगल्या कामासाठी नेलेली असो, धन्याने मागितली की ती परत करावयाची असते. ज्यू समाजातच या बाबतीत एकमत नाही. काहींना तो शब्द अजूनही आधार वाटतो, काहींना घाव. म्हणून हा हिशेब एका ठरावाने पुरा होणारा नाही. तो कोणी पुरा करावयाचा, एवढे मात्र शब्दाच्या इतिहासाने स्पष्ट केले आहे. ज्या भाषेत 'रेब यीद' ही आदराची हाक होती, त्या भाषेच्या वारसांकडेच त्याचा निर्णय जातो. आणि आपल्या कट्ट्यावर त्यांना निर्भय वाटावे म्हणून ज्यांनी तो शब्द उचलला होता, त्यांनाच तो निर्णय ऐकणे सर्वांत कमी कठीण जावयास हवे.